उघडे दार : ‘सायलस मार्नर’ ह्या कादंबरीतील एकाकीपणाचा विचार



एकटेपणाची कथा म्हटली की तुमच्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रॉबिन्सन क्रूसो उभा राहील. डॅनिएल डीफो ह्याने १७१९ साली प्रसिद्ध केलेल्या त्या पुस्तकात गलबत फुटते, सोबती बुडतात, आणि एकटा क्रूसो निर्जन बेटावर वर्षानुवर्षे दिवस कंठतो. त्याला माणसांपासून तोडले ते समुद्राने. एखादे जहाज किनाऱ्यास लागले की त्याचा वनवास संपावयाचा. परंतु एकाकीपणाचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात मध्ये समुद्र नसतो. भोवती गाव असते, घरोघरच्या धुराड्यांतून धूर निघत असतो, उपासनामंदिराची घंटा ऐकू येत असते, कामानिमित्त माणसे दाराशी येतजात असतात. आणि तरीही आपले म्हणावे असे एकही माणूस नसते. हा प्रकार पहिल्याहून कठीण, आणि आपल्या शाळेत, वसतिगृहात व घरात आढळणाराही हाच. म्हणून ह्या लेखात आपण ज्या कादंबरीत त्याचे सूक्ष्म व सहृदय चित्र आले आहे त्या ‘सायलस मार्नर’चा विचार करू.

ही कादंबरी इंग्लंडात १८६१ साली प्रसिद्ध झाली. ग्रंथकर्त्रीचे खरे नाव मेरी ॲन इव्हान्स (१८१९–१८८०). ‘जॉर्ज एलियट’ हे पुरुषी नाव तिने लेखनासाठी धारण केले होते. तिचा जन्म वॉरिकशायर परगण्यातला, आणि तेथील खेडी, शेते व शेतकरी तिला बालपणापासून परिचित होते. एकाकीपणाचा अनुभवही तिला ऐकीव नव्हता. घरच्यांना मान्य नसलेला संसार तिने थाटला, त्यामुळे तिचा भाऊ आयझॅक ह्याने १८५७ पासून १८८० पर्यंत, म्हणजे सुमारे तेवीस वर्षे, तिच्याशी संबंध ठेवला नाही. लहानपणी ज्याच्या मागून ती शेतांतून हिंडली तोच हा भाऊ. त्या दीर्घ अबोल्याच्या काळातच हे पुस्तक लिहिले गेले, ही गोष्ट ते वाचताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चिठ्ठ्यांचा निवाडा

कथेच्या आरंभी सायलस मार्नर हा तरुण विणकर उत्तरेकडील एका उद्योगी शहरात ‘लँटर्न यार्ड’ नावाच्या गल्लीत राहतो. तेथे एका लहानशा पंथाची उपासनामंडळी आहे. तीच त्याचे घर, तीच त्याचे जग. त्याला विल्यम डेन नावाचा जिवलग मित्र आहे, आणि सारा नावाच्या मुलीशी त्याचे लग्न ठरलेले आहे. सायलसला मधूनमधून एक विकार होतो. अंग ताठ होते, डोळे उघडे असूनही शुद्ध हरपते, आणि भानावर आल्यावर मधल्या वेळाची त्याला आठवणही राहत नाही.

मंडळीतील एक वृद्ध अधिकारी आजारी पडतो. रात्री त्याच्या उशाशी सायलस बसलेला असताना म्हातारा मरण पावतो, आणि त्याच्याजवळची मंडळीच्या पैशांची थैली नाहीशी झाल्याचे आढळते. पैशांच्या जागी सायलसचा चाकू सापडतो. रिकामी थैली सायलसच्या खोलीत सापडते, आणि ती शोधून काढणारा विल्यम डेनच असतो. आपण तो चाकू शेवटी विल्यमसाठीच एक पट्टा कापावयास काढला होता, हे सायलसला आठवते. मंडळी साक्षीपुरावा पाहत नाही. प्रार्थना करून ती चिठ्ठ्या टाकते, आणि चिठ्ठ्या सायलसला दोषी ठरवितात. थोड्याच दिवसांत सारा त्याला सोडते व पुढे विल्यमशीच लग्न करते.

येथे एक गोष्ट नीट पाहा. निवाडा देणारे लोक दुष्ट नव्हते. ते भाविक होते, प्रार्थनाशील होते, आपण न्यायच करीत आहो अशी त्यांची खात्री होती. त्यांचा दोष एवढाच की, शोध करण्याचे कष्ट टाळून त्यांनी चटकन निर्णय मिळविला आणि त्या निर्णयाला देवाचे नाव दिले. एका दिवसात सायलसचा मित्र गेला, वधू गेली, मंडळी गेली. आणि ज्या देवावर त्याने सारा भार टाकला होता त्याच्यावरील विश्वासही गेला. कारण त्याच्या समजुतीप्रमाणे निरपराध्याविरुद्ध साक्ष देवानेच दिली होती.

समाजाच्या निवाड्याने माणूस कसा एकाकी होतो, हे आपल्या भाषेतही त्याच सुमारास लिहिले गेले होते. बाबा पदमनजी ह्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली, म्हणजे ‘सायलस मार्नर’च्या चार वर्षे आधी, प्रसिद्ध झाली. तिच्यात हिंदु विधवांच्या दुःस्थितीचे वर्णन आहे. भरल्या घरात राहूनही त्या एकाकी होत्या, कारण त्यांच्याविषयीचा निवाडा त्यांना न विचारताच झालेला होता. देश वेगळा, प्रसंग वेगळा. परंतु वेदना त्याच जातीची.

पंधरा वर्षांचा माग

सायलस ते शहर सोडून मध्य इंग्लंडातील रॅव्हेलो नावाच्या सुखवस्तु खेड्यात येतो, आणि दगडाच्या एका ओसाड खाणीजवळच्या झोपडीत आपला माग मांडतो. तेथे तो पंधरा वर्षे राहतो. ह्या पंधरा वर्षांचे वर्णन हा ह्या पुस्तकातील मोठा मोलाचा भाग आहे, कारण माणूस हळूहळू कसा आक्रसत जातो हे त्यात दाखविले आहे.

आरंभी गावकऱ्यांना त्याचे भय वाटते. तो परका, फिकट, डोळे बटबटीत, आणि त्याच्या मागाचा खडखडाटही त्यांच्या कानांना अपरिचित. तरीसुद्धा एकदा दार उघडण्याचा योग आला होता. सॅली ओट्स नावाच्या चांभाराच्या बायकोला हृदयविकाराने सूज आलेली पाहून सायलसला आपल्या आईचे शेवटचे दिवस आठवले. आईने शिकविलेल्या एका वनस्पतीचे औषध त्याने तिला दिले, आणि तिला उतार पडला. झाले! गावातील बायाबापड्या मुलांना घेऊन ताईत व मंत्र मागावयास त्याच्या दाराशी लोटल्या. आपल्याला मंत्रतंत्र येत नाही, हे सायलसला ठाऊक होते. खोटे मंत्र देऊन पैसे उकळणे त्याला सहज शक्य होते. परंतु त्याने सर्वांना परत पाठविले. तेव्हा लोक चिडले, आणि पुढे कोणाला दुखणे आले की ते सायलसच्या माथी मारू लागले. त्याच्या दयेने जे दार किलकिले केले होते ते त्याच्याच प्रामाणिकपणामुळे पुन्हा लागले. एकाकी माणूस नेहमी स्वतःच्याच दोषाने एकाकी होतो, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य वाचावा.

मग उरले काय? माग आणि मोहरा. दिवसभर धोटा इकडून तिकडे फेकावयाचा, आणि रात्री दार लावून, मागाखालच्या विटा काढून, सोन्याच्या गिन्यांची रास ओतावयाची व मोजावयाची. सायलसला लोभी म्हणणे सोपे आहे. परंतु त्या पैशांतून त्याला काहीच विकत घ्यावयाचे नव्हते. त्याला फक्त ती नाणी हातात घ्यावयाची होती, त्यांचे चेहरे पाहावयाचे होते. ज्याला माणसांचे चेहरे उरले नाहीत त्याने नाण्यांवरील चेहऱ्यांशी मैत्री केली.

ह्याच भागात एका मातीच्या घड्याची हकीकत आहे. विहिरीवरून पाणी आणण्याचा तो तांबूस घडा बारा वर्षे सायलसच्या हाताला ठाऊक होता. एके दिवशी ठेच लागून तो पडला व त्याचे तुकडे झाले. घडा आता निरुपयोगी होता. तरी सायलसने ते तुकडे घरी आणले, एकमेकांस जोडले, आणि ती आकृती जुन्या जागी आठवण म्हणून उभी करून ठेवली. ग्रंथकर्त्री ह्यावर फारसे भाष्य करीत नाही. परंतु वाचकाला कळते की, ह्या माणसातील प्रेम वाळलेले नाही. त्याला जागा मिळालेली नाही, म्हणून ते फुटक्या घड्यावर जाऊन बसले आहे.

चोरी आणि चूल

एका धुक्याच्या ओल्या रात्री सायलस सुतळी आणावयास बाहेर जातो. दाराची किल्ली त्याने चुलीसमोर मांस टांगण्यासाठी वापरलेली असते, म्हणून दाराला कुलूप नसते. तेवढ्यात जमीनदार कॅस ह्याचा उनाड मुलगा डन्स्टन आत शिरून सारे सोने घेऊन जातो. दोनशे बहात्तर पौंड, बारा शिलिंग, सहा पेन्स. सायलसला हिशेब पेन्सापर्यंत पाठ होता.

तो वेड्यासारखा ‘रेनबो’ नावाच्या खाणावळीकडे धावतो. गावातील मंडळी तेथे संध्याकाळी गप्पा मारीत बसत. पंधरा वर्षांत सायलसने केवळ गप्पागोष्टींसाठी तेथे कधी पाऊल टाकले नव्हते. आत जाताच तो जेम रॉडनी ह्या माणसावर चोरीचा आळ घेतो. तेव्हा मेसी नावाचा म्हातारा शिंपी त्याला बजावतो की, निरपराध्यावर आळ घेऊ नये. हे शब्द ऐकताच सायलसला स्वतःवर आलेला तो जुना प्रसंग आठवतो. तो जेमजवळ जातो आणि आपण चुकलो, तुझ्याविरुद्ध काही साक्ष नाही, असे सर्वांसमक्ष कबूल करतो.

माझ्या मते ह्या कादंबरीचा खरा कलाटणीचा क्षण हाच. लँटर्न यार्डच्या भाविक मंडळीने जे केले नाही ते ह्या पिळवटून निघालेल्या विणकराने केले. त्याने निवाडा मागे घेतला. आणि त्याच क्षणी गावकरीही त्याच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागले. खाणावळवाल्याने त्याचा भिजलेला अंगरखा उतरवून त्याला शेकोटीजवळच्या खुर्चीवर बसविले. ज्याला लोक सैतानाचा सोबती समजत होते तो त्यांच्यासारखाच दुःखी मनुष्य निघाला. दुसऱ्याच्या शेकोटीजवळ, इतरांच्या चेहऱ्यांसमोर, आपले दुःख बोलून दाखविण्याची सायलसची ही पंधरा वर्षांतील पहिलीच वेळ होती.

ह्यानंतर शेजारी येऊ लागतात. त्यांत डॉली विन्थ्रॉप ही सुताराची बायको मुख्य. ती आपल्या सात वर्षांच्या एरनला बरोबर घेऊन, घरी भाजलेले केक घेऊन येते. त्या केकांवर तिने काही अक्षरे टोचलेली असतात. ती उपासनामंदिरात पाहिलेली आहेत व चांगली असली पाहिजेत, एवढेच तिला ठाऊक. अर्थ तिला येत नाही. डॉलीला उपदेश करता येत नाही, पण येणे मात्र येते. त्या एका भेटीने सायलस बदलला, असे ग्रंथकर्त्री भासवीत नाही. डॉली गेल्यावर त्याला उलट सुटल्यासारखे वाटते, आणि नाताळचा दिवसही तो एकटाच काढतो. डॉलीचे येणे मात्र थांबत नाही.

चुलीपुढचे सोने

वर्षाची अखेरची रात्र येते. जुने वर्ष जाताना जागे राहिलास तर पैसे परत येतील, असे शेजारी त्याला अर्धवट थट्टेने सांगतात. म्हणून सायलस पुनःपुन्हा दार उघडून बर्फात पाहत राहतो. एकदा दार लावण्यासाठी हात पुढे केला असता त्याला तो जुना विकार होतो, आणि तो उघड्या दारापाशी तसाच खिळून उभा राहतो. बाहेर बर्फात एक अभागी स्त्री अफूच्या गुंगीत पडून मरत असते. तिचे दोन वर्षांचे मूल उजेडाच्या रोखाने रांगत, दुडदुडत येते आणि उघड्या दारातून आत शिरून चुलीपुढे झोपी जाते. भानावर आल्यावर सायलसला चुलीपुढे सोने चमकताना दिसते. तो हात लावतो. हाताला नाण्यांऐवजी मऊ, उबदार कुरळे केस लागतात.

ह्या झोपडीचे दार दोनदा उघडे राहिले. पहिल्यांदा सोने गेले, दुसऱ्यांदा मूल आले. दार पक्के लावून बसला असता तर सायलसचे काही गेले नसते, आणि काही आलेही नसते. ह्या कथेचे सार मला तरी ह्यातच दिसते.

मूल गावाच्या स्वाधीन न करता तो ते स्वतः वाढविण्याचे ठरवितो, आणि आपल्या आईचे व मृत बहिणीचे हेफ्सीबा हे पवित्र शास्त्रातील नाव तिला देतो. ‘माझा आनंद तिच्याठायी आहे’ असा त्या हिब्रू नावाचा अर्थ. लाडके नाव एपी. आता पाहा, सोन्याने सायलसला मागाशी बांधून ठेवले होते. एपी त्याला मागावरून उठविते. तिला ऊन हवे, फुले हवीत, इतर मुले हवीत. तिच्यासाठी त्याला डॉलीचा सल्ला विचारावा लागतो, तिचा बाप्तिस्मा करवावा लागतो, दारोदार जावे लागते, आणि जेथे जाईल तेथे लोक मुलीची विचारपूस करतात. खोडी केल्याबद्दल तो एकदा तिला क्षणभर कोळशाच्या खोलीत कोंडतो, तर थोड्या वेळाने ती गंमत म्हणून आपणच पुन्हा तेथे जाऊन बसते! शिक्षेचा तो मार्ग तेथेच संपतो. एकाकी माणसाला कोणीतरी आपली सेवा करावी एवढेच पुरत नाही. त्याच्यावाचून ज्याचे अडेल असे कोणीतरी त्याला हवे असते. गावाने सायलसला सहानुभूती दिली, परंतु खरा बरा झाला तो जबाबदारीने.

गर्दीतला एकाकी

ह्या सुखी चित्राशेजारी ग्रंथकर्त्रीने दुसरे चित्र ठेवले आहे. जमीनदाराचा थोरला मुलगा गॉडफ्री हा एपीचा खरा बाप. बर्फात मेली ती त्याची गुप्तपणे लग्न केलेली बायको. त्या रात्री तो सायलसच्या झोपडीत येतो, आपल्या मुलीला पाहतो, आणि गप्प बसतो. पुढे नॅन्सी ह्या सुशील मुलीशी तो विवाह करतो. घर मोठे, मान मोठा, पत्नी प्रेमळ. परंतु मध्ये एक न बोललेली गोष्ट. सोळा वर्षे तो त्या गोष्टीबरोबर एकटा असतो, आणि त्यांच्या घरी मूलही जगत नाही. खाणीतील पाणी आटून डन्स्टनचा सांगाडा व सायलसचे सोने वर येते, तेव्हा कोठे गॉडफ्री पत्नीजवळ सत्य बोलतो. दोघे एपीला न्यावयास येतात. ती नम्रपणे पण ठामपणे नकार देते. ज्याने आपल्याला वाढविले तोच आपला बाप, असे तिचे म्हणणे. सायलसचे दार इतरांनी लावले होते. गॉडफ्रीचे त्याने स्वतःच लावले होते.

न मिळालेले उत्तर

शेवटी सायलस एपीला घेऊन लँटर्न यार्डला जातो. आपण निर्दोष होतो हे त्या लोकांना कधी कळले काय, एवढे त्याला विचारावयाचे असते. तेथे गल्लीच उरलेली नाही. त्या जागी मोठा कारखाना उभा आहे. विचारावयास कोणीच नाही. त्याच्यावरील अन्यायाची भरपाई कधीच होत नाही. तरी तो शांत मनाने परततो, कारण मूल आल्यापासून पुन्हा विश्वास ठेवण्यापुरता उजेड त्याला मिळालेला आहे. एपीचा डॉलीच्या एरनशी विवाह होतो, आणि ती सायलसला सोडून न जाता त्याच झोपडीत राहते.

ह्या न मिळालेल्या उत्तरापाशी मी नेहमी थांबतो, कारण असेच एक उत्तर माझ्याकडूनही राहून गेले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी शिकवीत असलेल्या एका वर्गात एका मुलाचे फीचे पैसे नाहीसे झाले. मी कोणाचे नाव घेतले नाही. परंतु नव्यानेच आलेल्या एका गरीब मुलाकडे माझी दृष्टी गेली, आणि क्षणभर अधिक रेंगाळली. वर्गाने ती पाहिली. दोन दिवसांनी पैसे ज्याचे त्याच्याच पुस्तकाच्या वेष्टणात सापडले. मी आळ घेतलाच नव्हता, मग माफी कशाची मागावयाची, अशी मी माझी समजूत घातली. तो मुलगा मात्र वर्ष संपेपर्यंत मागच्या बाकावर एकटा बसत राहिला, आणि पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. सायलसने खाणावळीत एका क्षणात जे केले ते मला वर्गासमोर करता आले नाही. आज त्याला शोधून विचारावे म्हटले, तर माझ्यापुढेही लँटर्न यार्डची ती पुसलेली गल्लीच आहे.

म्हणून, मुलांनो, वर्गात काही हरवले तर चिठ्ठ्या टाकू नका. डोळ्यांनीसुद्धा टाकू नका. आळ घेतला गेलाच तर ज्यांच्यासमोर घेतला त्यांच्यासमोरच तो मागे घ्या. जो मुलगा मधल्या सुटीत एकटा डबा उघडतो त्याच्याजवळ डॉलीप्रमाणे जा. काय बोलावे हे सुचले नाही तरी चालेल, आणि त्याने पहिल्या दिवशी तोंड फिरविले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. त्याला केवळ मदत देऊ नका, त्याची मदत मागा. तुमच्या खेळात त्याच्यावाचून अडू द्या.

पालकहो, आपल्याशी एकच बोलावयाचे आहे. घरातील मूल जर दार लावून बसू लागले, गोष्टी लपवू लागले, तर ते हट्टी आहे असा निवाडा देण्यापूर्वी कोठेतरी कोणी त्याच्याविषयी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत ना, ह्याची शांतपणे चौकशी करावी. आणि घरचे दार असे ठेवावे की, बर्फात भटकलेल्या लेकरालाही आतील उजेड दिसेल.